पद्मिनी घेऊन लांब निघताना: डिकीत काय भरायचं आणि कसं

पुण्याहून सावंतवाडी, संकेश्वर-आजरा-आंबोलीच्या वाटेने, साधारण पावणेचारशे किलोमीटर. या वाटेवर मी माझी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी चालवते. निघायच्या आधी डिकीत काय जातं, कशासाठी जातं आणि कसं बांधलं जातं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. अलीकडे बऱ्याच जणांनी घरातल्या जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणल्यात आणि त्यांचा पहिला लांबचा प्रवास चांगला व्हावा असं मला मनापासून वाटतं. पहिल्याच वेळेला गाडी टो होऊन घरी आली, तर ती पुन्हा कव्हरखाली जाते.

माझी गाडी म्हणजे १०८९ सीसीचं इंजिन, पॉइंट-कॉन्डेन्सरचं (म्हणजे ठिणगी पाडायच्या जुन्या पद्धतीचं) इग्निशन, कार्बोरेटर, इंजिनवरच बसलेला यांत्रिक पेट्रोल पंप आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. तुमची ॲम्बॅसडर असेल, हेराल्ड असेल किंवा विलिस जीप असेल, तर पान्यांचे नंबर आणि पार्ट बदलतील. विचार करायची पद्धत तीच राहील.

आमचे अण्णा मुंबईत काळी-पिवळी चालवायचे. ड्रायव्हर सीटखाली एक खाकी पिशवी, त्यात दोन-चार पाने, पक्कड, पॉइंटचा एक सेट आणि फॅनचा एक पट्टा. एवढ्यावर त्यांची नोकरी चालली, कारण बाकी सगळं गल्लीच्या तोंडाशी मिळायचं. आज ती पिशवी पुरत नाही. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं तरी टॅक्सीमुळे पार्टचा बाजार पुढे बरीच वर्षं टिकला. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या हिशेबाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. रोजचं गिऱ्हाईक गेलं की दुकानदार माल ठेवत नाही. निपाणीच्या दुकानात पद्मिनीचा रोटर मागितला तर दुकानदाराच्या तरुण मुलाला आधी गाडीचा फोटो दाखवावा लागतो.

म्हणून प्रत्येक पार्ट उचलताना मी तीन गोष्टी विचारते. हा गेला तर गाडी जागेवर थांबते का? वाटेत तो मिळेल का? आणि तो बदलायला हात आहेत का, माझे किंवा वाटेतल्या मेकॅनिकचे? गाडी थांबवणारा आणि वाटेत न मिळणारा पार्ट डिकीत जातो, मग तो मला स्वतःला बसवता येवो न येवो. उदाहरणार्थ हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. रस्त्याच्या कडेला हेड उतरवायला मी बसणार नाही. पण कराड, कोल्हापूर, गडहिंग्लज, कुठेही हेड उतरवून देणारा जुना मिस्त्री सापडतो. सापडत नाही ते गॅस्केट. ते सपाट असतं, वजनाला काहीच नाही. प्लायवूडच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून, चिकटपट्टीने बांधून मी ते मागच्या सीटच्या पाठीमागे उभं सरकवते. गॅस्केटला एकदा घडी पडली की ते वाया गेलं, म्हणून प्लायवूड. उलट सायलेन्सर. तो तुटला तर आवाज होईल, पण बाइंडिंग वायरने बांधून गाडी घरी येते. सायलेन्सर मी नेत नाही.

पिशवी तयार करायची ती घरी, काम करताना

हत्यारांची यादी कुणाचीही उतरवून घेऊ नका, माझीसुद्धा नाही. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी गाडीची सर्व्हिसिंग स्वतः करा आणि ती फक्त प्रवासाच्या पिशवीतल्या हत्यारांनी करा. प्लग काढा, पॉइंट बदला, पट्टा काढून पुन्हा घाला, पेट्रोल पंप उतरवा, एक चाक आणि त्याचा ड्रम उघडा. मध्येच उठून कपाटातून जे हत्यार आणावं लागेल ते पिशवीत गेलं पाहिजे. शेवटपर्यंत हात न लागलेलं हत्यार बाहेर ठेवा. अशी पिशवी तुमच्या गाडीच्या आणि तुमच्या हाताच्या मापाची होते.

यातून आणखी एक गोष्ट उघडी पडते. फियाट घराण्यातली गाडी म्हणून पद्मिनीला मिलीमीटरचे पाने लागतात, ॲम्बॅसडरला आणि जीपला इंची. पण चाळीस वर्षांत किती मिस्त्र्यांनी किती बोल्ट बदलले असतील! माझ्या गाडीत डायनॅमोच्या ब्रॅकेटला एक इंची बोल्ट होता, त्याला १३ नंबर सैल आणि १२ घट्ट. घरी कळलं म्हणून तो बदलला. अंधारात, पावसात असा बोल्ट भेटला की त्याची डोकी गोल होतात आणि दहा मिनिटांच्या कामाला दोन तास जातात.

माझ्या पिशवीत ८ पासून १९ पर्यंतचे डबल पाने आहेत आणि तेवढेच रिंग पाने. दोन्ही हवेत, कारण नट-बोल्ट सोडवताना एक बाजू धरावी लागते. पद्मिनीला १०, १३ आणि १७ सतत लागतात, ते मी जास्तीचे घेते. शिवाय २१ चा प्लग पाना, लांब आणि बुटका असे दोन-दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, लांब तोंडाची पक्कड, ग्रिप प्लायर, हातोडी, एक पंच, छोटी कानस, फिलर गेज (बारीक गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), वायर ब्रश, ब्लेड आणि टायर लिव्हर. ग्रिप प्लायरला मी फार मानते. गोल झालेला नट, तुटलेली गिअरची केबल, गळका रबरी पाइप, सगळं ती धरून ठेवते. साधे टपारियाचे पाने घेतले तरी आयुष्यभर पुरतात. जुने चांगले पाने हवे असतील तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हिंडा. घेताना पान्याचं तोंड फाकलेलं नाही ना, एवढं बघा.

ठिणगीचं सामान

जुनी गाडी वाटेत बंद पडते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी: ठिणगी नाही किंवा पेट्रोल नाही. त्यामुळे या दोन डब्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

ठिणगीच्या डब्यात पॉइंटचे दोन सेट, दोन कॉन्डेन्सर, डिस्ट्रिब्युटरचा (ठिणगी एकेका प्लगकडे वाटणाऱ्या भागाचा) रोटर आणि टोपी, कॉइल, चार प्लग आणि सगळ्यात लांब प्लगपर्यंत पोचेल अशी एक एचटी वायर (ठिणगी नेणारी जाड वायर). यातली एकही वस्तू खोक्यातून थेट डब्यात जात नाही. नवा कॉन्डेन्सर आधी गाडीत बसवायचा, शंभरएक किलोमीटर चालवायचा, नीट चालला की काढून स्पेअर म्हणून ठेवायचा आणि जुना परत बसवायचा. हल्लीच्या कॉन्डेन्सरचा दर्जा एकसारखा राहिलेला नाही. न चालवलेला पार्ट स्पेअर म्हणून नेला तर बिघाड शोधताना तुमचीच दिशाभूल होते: पार्ट बदलला, तरी गाडी चालत नाही, म्हणजे दोष दुसरीकडे आहे असं वाटायला लागतं. रोटर आणि टोपीचंही तसंच. टोपी आपल्या डिस्ट्रिब्युटरवर घट्ट बसते ना, रोटर वर-खाली हलत नाही ना, हे घरी पाहायचं.

कॉन्डेन्सर जायला लागला की गाडी गार असताना बरी चालते, तापली की अडखळते, सायलेन्सरमधून फटाके येतात. टोपी काढून सेल्फ मारला तर पॉइंटवर मोठी ठिणगी उडताना दिसते. तेव्हा वेळ न घालवता कॉन्डेन्सर बदला.

पॉइंट बदलायचे असतील तर इग्निशन बंद करून गाडी सपाट जागी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि मागून कुणाला तरी हळूच ढकलायला सांगा. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आली की थांबायचं. गॅप ०.४५ मिमी लावायचा, स्क्रू आवळायचा आणि आवळल्यावर पुन्हा मोजायचा, कारण आवळताना तो सरकतो. नव्या पॉइंटवर गंजू नये म्हणून पातळ तेलकट थर असतो. कोऱ्या कागदाची पट्टी दोन टोकांमध्ये धरून ओढली की तो निघतो. टाचेखाली ग्रीसचा अगदी बारीक ठिपका. भाचीला हे शिकवलं तेव्हा तिने विचारलं, "मावशी, इलेक्ट्रॉनिक इग्निशनच का नाही बसवत?" प्रश्न योग्य आहे. ते चांगलं चालतं आणि पॉइंटची कटकट जाते. पण ते गेलं तर रस्त्यात काहीच करता येत नाही. ज्यांनी बसवलंय त्यांनी पॉइंट, कॉन्डेन्सर आणि ते बसवायची प्लेट जपून डिकीत ठेवावी.

एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवायची नाही. रेडिओ ऐकायला म्हणून चावी फिरवली आणि पॉइंट मिटलेले असले, तर कॉइल तापत राहते.

पाऊस हा वेगळा विषय. आंबोलीत पाऊस आडवा येतो आणि धुकं टोपीच्या आतसुद्धा दमट करतं. कोरडं सुती फडकं वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, फक्त टोपी पुसायला ठेवा. इतर कामाला ते वापरायचं नाही, नाहीतर ऐन वेळी त्याला ग्रीस लागलेलं असतं. सोबत ओल हटवणाऱ्या डब्ल्यूडी-४० स्प्रेचा छोटा डबा.

पेट्रोलचं सामान

इथे अण्णांच्या काळात नसलेली अडचण आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही: पाइप फुगतो, मऊ पडतो, आतून सोलतो, पंपाचं डायफ्राम आणि कार्बोरेटरची पॅकिंगं आखडतात. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सुटा करून पुढे पाठवतं आणि तो गाळणीत येऊन बसतो. गाडी बरीच वर्षं उभी असेल तर पहिल्या प्रवासात गाळणी एकदा तरी तुंबणार असं धरूनच चला.

म्हणून निघायच्या आधी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सहन करणाऱ्या दर्जाचे घाला. दुकानात इंजेक्शनच्या गाडीचा पेट्रोल पाइप मागा, साधा नको. डिकीत त्याच पाइपचा मीटरभर तुकडा, आठ-दहा क्लिपा, तीन पारदर्शक इनलाइन गाळण्या, पंपाचं डायफ्राम किट आणि कार्बोरेटरचं पॅकिंग किट. जमलं तर एक आख्खा चालू पंप, घरी बसवून पाहिलेला. डायफ्राम बदलणं अवघड नाही, पण स्प्रिंग आणि बारीक वॉशर महामार्गाच्या कडेच्या गवतात पडले की सापडत नाहीत. आख्खा पंप दोन नटांवर निघतो आणि दोन नटांवर बसतो.

उन्हाळ्यात खंबाटकी चढताना किंवा घाटात ट्रकमागे रांगताना गाडी आचके देऊन बंद पडली आणि गाळणी रिकामी दिसली, तर पंपातच पेट्रोलची वाफ झाली असण्याची शक्यता जास्त. इथेनॉलमुळे हे पूर्वीपेक्षा लवकर होतं. बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. पाणी डिस्ट्रिब्युटरवर उडू देऊ नका. अशा वेळी सेल्फ मारत बसलात तर बॅटरी जाते आणि एका अडचणीच्या दोन होतात.

ठिणगी आणि पेट्रोल यांची तपासणी कधीही एकत्र करू नका. आधी ठिणगी: प्लगची वायर काढून, तिचं धातूचं टोक इंजिनच्या पत्र्यापासून पाच-सहा मिमीवर, रबरी मुठीच्या पकडीने धरून सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी यायला हवी. ती वायर परत बसवल्यावर मग पेट्रोल: कॉइलची वायर काढून बाजूला करा, कार्बोरेटरकडे येणारा पाइप सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. चिळकांड्यांनी पेट्रोल आलं पाहिजे. अग्निशामक जवळ असल्याशिवाय हे करू नका. तो डिकीत सामानाखाली ठेवण्यात काही अर्थ नाही. माझा पुढच्या सीटखाली, बसल्या जागेवरून हात पोचेल असा आहे.

पेट्रोल कॅनमध्ये भरून डिकीत नेऊ नका. रिकामा धातूचा कॅन आणि नरसाळं पुरेसं आहे. वाटेत पंप भरपूर आहेत. आजऱ्याहून पुढे निघताना टाकी भरून घ्यायची. टाकीला बारीक भोक पडलं तर धुण्याच्या साबणाची वडी त्यावर घासून दाबा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे ही युक्ती खरंच टिकते. मग पुढच्या गावात एम-सील किंवा डाग (झाळकाम).

पाणी आणि पट्टा

पाच लिटर पाणी वेगळं, प्यायचं वेगळं. वरचा आणि खालचा होज पाइप, रेडिएटरचं झाकण, थर्मोस्टॅटचं पॅकिंग, दोन पट्टे. फॅनचा पट्टाच पाण्याचा पंप आणि डायनॅमो दोन्ही फिरवतो. त्यामुळे चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढायला लागला तर पुढचा किलोमीटरही चालवू नका, पट्टा तुटलाय. नवा घातल्यावर अंगठ्याने दाबून एक ते दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. जास्त ताणला तर पंपाचं बेअरिंग खातो.

पाण्याचा पंप पॅकिंगसकट नेते, कारण तो गळायला लागला की थांबत नाही आणि वाटेत मिळत नाही. रेडिएटरच्या बारीक गळतीला हळद टाकायची जुनी पद्धत आहे. चालते. मात्र घरी आल्यावर रेडिएटर उलटा धुवून घ्या, नाहीतर तीच हळद नळ्यांमध्ये बसते. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही. घाटात काटा चढला तर जागा पाहून थांबा, इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ जरा वाढीव रेसवर फिरू द्या म्हणजे पाणी फिरत राहील.

ब्रेक

याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. पद्मिनीच्या ब्रेकला एकच सर्किट असतं. एका चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलं तर चारही चाकांचा ब्रेक जातो, हातात उरतो तो फक्त हँडब्रेक. त्यामुळे ब्रेकचं खरं काम निघण्यापूर्वीच होतं: चारही ड्रम उघडून रबरं, पुढच्या चाकांचे लवचीक पाइप आणि लायनिंग पाहायचं, ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं. रोज सकाळी निघताना पॅडल जोरात दाबून मिनिटभर धरायचं. ते हळूहळू खाली गेलं तर त्या दिवशी गाडी निघत नाही.

डिकीत पुढच्या-मागच्या व्हील सिलिंडरची किटं, मास्टर सिलिंडरचं किट, पुढचा एक लवचीक पाइप आणि डॉट ३ ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली ठेवते. किट घेताना सिलिंडरचं माप मोजून घ्या, पुढचं-मागचं एकच समजू नका. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही खनिज तेल थेंबभरसुद्धा जाऊ देऊ नका, सगळी रबरं फुगून ब्रेक जाम होतात. आणि हे किट घाटात वापरायचं नाही. आंबोलीच्या उतारावर ब्रेकने दगा दिला, तर गाडी डोंगराच्या बाजूला लावायची, चाकांना उटी (गाडी घरंगळू नये म्हणून चाकाखाली घालायचा ठोकळा) लावायची आणि टो करून सपाटीवरच्या गॅरेजमध्ये न्यायची. उतरताना मुळात दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, ब्रेक अधूनमधून वापरा; सतत दाबून ठेवलेला ड्रम तापतो आणि पकड सोडतो.

उटी लाकडाच्याच न्या, दोरीने एकमेकींना बांधलेल्या. ट्रकवाले दगड लावतात आणि निघताना रस्त्यात तसेच सोडून जातात. रात्री दुचाकीवाला त्यावर आदळतो.

टायर, दिवे आणि किरकोळ

टायर ट्यूबवाले आहेत, त्यामुळे हल्लीचं ट्यूबलेसचं पंक्चर किट इथे निरुपयोगी. स्टेपनी चांगली, शिवाय योग्य मापाची एक नवी ट्यूब. जॅकसाठी कंपनीच्या मूळ जॅकवर भरवसा नको. तो पत्र्यातल्या ज्या खाचेत बसतो तो पत्रा आतून गंजलेला असू शकतो. छोटा हायड्रॉलिक जॅक आणि त्याखाली घालायला फूटभर लांबीची जाड फळी न्या. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही.

फ्यूज नक्की न्या. पद्मिनीचे जुने फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते, चिनीमातीचे असतात; हायवेच्या दुकानात आता फक्त पात्यांचे मिळतात. दहा-बारा भरून ठेवा. प्रत्येक प्रकारचा एक बल्ब, पाच मीटर वायर, इन्सुलेशन टेप आणि मल्टिमीटर. ज्यांना मल्टिमीटर वापरता येत नाही त्यांनी १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्टर करावा. करंट कुठपर्यंत येतो ते तोही सांगतो.

मग इंजिन ऑइल एक लिटर, बाइंडिंग वायर, केबल टाय, सुतळी, एम-सील, वेगवेगळे नट-बोल्ट-वॉशर, डोक्याला लावायचा टॉर्च, हातमोजे, चमकणारं जॅकेट, परावर्तक त्रिकोण, गाडी ओढायचा दोर. गाडीखाली अंथरायला जुना फ्लेक्स बॅनर सगळ्यात उत्तम: पाणी शोषत नाही, पुसला की स्वच्छ आणि पडलेला स्क्रू त्यावर लगेच दिसतो.

बांधायचं कसं

लोखंडी पेटी मी सोडली. ती खडखडते, पत्रा घासते आणि हवा तो पाना नेहमी तळाशी असतो. पुण्याच्या बोहरी आळीतून जाड कॅनव्हास आणून घरच्या शिलाई मशीनवर गुंडाळी शिवली. हात-सव्वा हात लांब पट्टी, खालून दुमडून कप्पे, प्रत्येक कप्प्यावर नंबर रंगवलेला, वरून झाकणारी एक झालर आणि बांधायला नाडी. उघडली की सगळे पाने समोर आणि गुंडाळताना रिकामा कप्पा ओरडून सांगतो की एक पाना इंजिनवर राहिलाय. इंजिनवर राहिलेला पाना पुढच्या खड्ड्यात फॅनमध्ये जातो.

पार्ट मी त्या-त्या कामाच्या डब्यात ठेवते: ठिणगी, पेट्रोल, पाणी, ब्रेक. पोळ्यांचे जुने स्टीलचे डबे यासाठी उत्तम. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी: काय आहे, कधी घेतलं, गाडीत चालवून पाहिलं का, आणि बसवायला कुठल्या नंबरचे पाने लागतील. ही शेवटची ओळ फार उपयोगी पडते. रात्री टॉर्चच्या उजेडात चार पाने काढून हातात घेता येतात आणि मदतीला थांबलेल्या माणसालाही सांगता येतं. रबरी वस्तूंना टाल्कम पावडर लावून हवाबंद पिशवीत ठेवायचं आणि डिकीतल्या उन्हापासून लांब. ऊन लागलेला पट्टा दोन उन्हाळ्यांत भेगाळतो.

जड सामान डिकीच्या तळाशी, पुढच्या बाजूला, सीटच्या पाठीला टेकवून. पंक्चरचं सामान, त्रिकोण आणि टॉर्च सगळ्यात वर, कपड्यांच्या बॅगाही न हलवता काढता येतील असे. डिकीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली. सोबतच्या माणसाला ती एकदा वाचायला लावा. बिघाडाच्या वेळी मी गाडीखाली असते आणि डब्यातून वस्तू काढून देणारी बहीण किंवा भाची असते.

फोनवर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक साठवून ठेवा आणि वाटेतल्या दोन-तीन गॅरेजचे नंबर कागदावर लिहून घ्या, घाटात रेंजचा भरवसा नाही. कागदपत्रांत पुनर्नोंदणी, विमा, पीयूसी. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी केली असेल, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन-दुरुस्ती अशा कारणांपुरतीच परवानगी असते. प्रवास ठरवण्यापूर्वी तेवढं पाहून घ्या.

काही तुटलं तर तुटलेला तुकडा फेकू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याने मला एकदा डायनॅमोच्या ब्रॅकेटचं बुश दुपारच्या जेवणाच्या वेळेत करून दिलं. त्याने फक्त एवढंच विचारलं, "ताई, तुटल्यालं आणलंयसा का?" नमुना हातात असला की त्या भागात बुश, स्टड, पिन, ब्रॅकेट काहीही बनतं. नमुना नसेल तर उत्तम कारागीरही मापासाठी अडतो.

परत आल्यावर दोन दिवसांच्या आत डिकी रिकामी करा. वापरलेल्या पार्टची नोंद करा, त्याच्या जागी नवा मागवा आणि तो गाडीत चालवून पाहिल्यावरच डब्यात ठेवा. गुंडाळी उन्हात उलगडून पाने तेलाच्या फडक्याने पुसा. कोकणातून आलेल्या पान्यांवर आठवड्यात गंज चढतो. ब्रेक ऑइलची बाटली फोडली असेल तर उरलेलं पुढच्या प्रवासाला ठेवू नका. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. स्टेपनीत हवा भरून ठेवा.